कॅसेटी संगणकात उतरवण्यासाठी साउंड कार्ड कोणते घ्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांच्या आजोबांची नारदीय कीर्तने १९८० च्या दशकात घरच्याच टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केलेली आहेत. अशा साठ-पासष्ट कॅसेटी घरात आहेत आणि त्या संगणकात उतरवून घ्यायच्या आहेत. पहिल्या प्रयत्नात आवाजामागे सतत गुणगुण आली, झांजेचा आवाज बोथट झाला आणि बुवा बोलताना थांबले की मागची खरखर वर येऊ लागली. दुकानदाराने ‘मदरबोर्डवरचा साउंड असाच असतो’ असे सांगून ७.१ चॅनेलचे, १९२ किलोहर्ट्झचे, गेमिंगसाठीचे साउंड कार्ड सुचवले आहे. ते घ्यावे का?

माझे उत्तर असे, की एवढ्यात काहीही विकत घेऊ नका. तुम्ही तीन तक्रारी एकत्र सांगितल्या आहेत आणि त्या तिन्हींची मुळे बहुधा तीन निरनिराळ्या ठिकाणी आहेत. साउंड कार्ड हे त्यांपैकी एकाच ठिकाणी कदाचित उपयोगी पडेल. खरा प्रश्न ‘कार्ड कोणते’ हा नसून ‘टेपवरून फाइलपर्यंतच्या वाटेत आवाज नेमका कुठे बिघडतो’ हा आहे. मी गेली वीस-बावीस वर्षे लोकांच्या घरच्या कॅसेटी उतरवून देत आलो आहे आणि सुरुवातीला मीही कार्डांवरच पैसे घालवले होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी दुकानदाराच्या सल्ल्याविषयी. तो तुम्हाला फसवत असेल असे मला वाटत नाही. साउंड कार्ड या एका नावाखाली निरनिराळ्या गरजांची माणसे एकाच रांगेत उभी राहतात आणि एकाला दिलेले उत्तर दुसऱ्याच्या हातात पडते, एवढेच. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे पहिले साउंड ब्लास्टर आले तेव्हा साध्या पीसीला आवाज म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरची टूँ टूँ एवढाच होता, आणि कार्डाशिवाय गत्यंतर नव्हते. १९९२ चे साउंड ब्लास्टर १६ आमच्याकडे पोहोचले तेव्हा ते बसवताना आयआरक्यू ५ आणि डीएमए १ हे कार्ड व संगणक यांच्यातल्या जोडणीचे आकडे जुळवण्यात अख्खा रविवार जात असे. पुढे १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ हे मानक आणले, २००४ मध्ये एचडी ऑडिओ आणले आणि आवाजाचे काम मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपकडे गेले. कार्डाची सक्ती संपली, पण ‘आवाज चांगला हवा असेल तर कार्ड घ्या’ हे वाक्य मात्र लोकांच्या तोंडी राहून गेले.

आता या रांगेत कोण कोण आहे ते पाहा. गेम खेळणाऱ्याला पावलांचा आवाज मागून आला की डावीकडून, हे कळायला हवे असते, त्याला ७.१ चॅनेल कामाचे. त्याचीही कार्डाची गरज विंडोज व्हिस्टापासून पुष्कळ कमी झाली, कारण पूर्वी कार्डाच्या चिपवर होणारे आवाजाचे मिश्रण व्हिस्टाने सॉफ्टवेअरकडे नेले. संगीतकाराला पेटी वाजवल्यावर हेडफोनमध्ये ती तत्काळ ऐकू यायला हवी, नाहीतर तो तालात वाजवूच शकत नाही. म्हणून तो संगणकात होणारा विलंब मोजतो आणि त्यासाठी खास ड्रायव्हर शोधतो. आपल्यासारख्या टेप उतरवणाऱ्याला यांतले काहीच नको असते. आवाज फाइलमध्ये अर्धा सेकंद उशिरा पोहोचला तरी आपले काही बिघडत नाही, आणि आठ स्पीकर तर आपल्याला लावायचेच नाहीत. आपल्याला हवा आहे एक स्वच्छ स्टीरिओ लाइन इन, म्हणजे डेकसारख्या यंत्राचा आवाज आत घेणारे छिद्र. दुकानातल्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले बहुतेक आकडे आवाज बाहेर काढण्याचे असतात, आत घेण्याचे नव्हे, हे एकदा ध्यानात आले की निम्मा गोंधळ मिटतो.

१९२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आवाजाचे १,९२,००० नमुने घेण्याच्या, आकड्याचेही तसेच आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले तर २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज नोंदवता येतो. घरच्या रेकॉर्डरवर, त्याच्याच अंगच्या माइकने केलेल्या मुद्रणात १२-१५ किलोहर्ट्झच्या वर क्वचितच काही असते. १९२ किलोहर्ट्झने घेतलेल्या फाइलीत वरच्या भागात निव्वळ खरखर साठवली जाईल आणि फाइल मात्र चौपटीहून मोठी होईल. आवाका म्हणाल, तर साध्या कॅसेटवर सर्वांत मोठा आवाज आणि टेपची स्वतःची खरखर यांत जेमतेम पन्नास-पंचावन्न डेसिबलचे अंतर असते, तर १६ बिटांच्या फाइलीत तात्त्विकदृष्ट्या ९६ डेसिबल मावतात. म्हणजे पायलीभर दाणे ओतायला अख्खे पेव खणण्यातली गत. मी स्वतः ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट वापरतो, तेही गुणवत्ता वाढते म्हणून नव्हे, तर पातळी थोडी कमी ठेवून निर्धास्त बसता येते म्हणून. त्या हिशेबाने तासाभराची स्टीरिओ फाइल साधारण एक गीगाबाइटची होते; तुमच्या सगळ्या कॅसेटी सी-९०, म्हणजे दीड तासाच्या, असल्या तरी शंभर गीगाबाइटांत काम आटोपेल.

आता गुणगुण. तिचा उगम शोधायला पैसे लागत नाहीत, फक्त चार मुद्रणे करावी लागतात. ऑडॅसिटी किंवा तत्सम कोणतेही ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर उघडा. लाइन इनमध्ये काहीही न खोचता अर्धा मिनिट शांतता मुद्रित करा. मग डेकची, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राची, केबल खोचा, पण डेकचा प्लग भिंतीतून काढलेला ठेवा, आणि पुन्हा अर्धा मिनिट घ्या. तिसऱ्या वेळी डेक चालू करा, पण कॅसेट लावू नका. चौथ्या वेळी कॅसेट लावा. पहिल्या मुद्रणात सॉफ्टवेअरचा मीटर (त्यावर शून्य म्हणजे मावेल तेवढा मोठ्यात मोठा आवाज) उणे ७० डेसिबलच्या खाली असेल, तर मदरबोर्डवरची चिप निर्दोष आहे असे समजा. कारण मोठ्यात मोठा आवाज उणे ६ वर ठेवला, तर टेपची खरखर उणे ५५-६० च्या आसपास येते आणि चिपचा स्वतःचा गोंगाट तिच्याखाली झाकला जातो. माझ्या अनुभवात दहांपैकी आठ-नऊ घरांत पहिले मुद्रण स्वच्छ निघते आणि गुणगुण दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीला सुरू होते. म्हणजेच ती कार्डाची नसते, जोडणीची असते.

जोडणीतली गुणगुण आपल्याकडे बहुधा ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटीतली, १०० हर्ट्झची असते, कारण आपली वीजच ५० हर्ट्झची आहे. संगणकाला तीन पिनांचा प्लग असतो आणि त्याचे अर्थिंग भिंतीत जाते; डेक ज्या अँप्लिफायरला जोडला आहे तो टीव्हीला, टीव्ही सेट-टॉप बॉक्सला आणि तो गच्चीवरून आलेल्या केबलला जोडलेला असला, तर जमिनीकडे जाणाऱ्या दोन वाटा तयार होतात आणि त्यांच्यातून फिरणारा प्रवाह गुणगुण होऊन तुमच्या फाइलीत येतो. उपाय म्हणून डेक या सगळ्या गोतावळ्यातून सोडवा, तो एकटाच संगणकाला जोडा आणि दोघांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहा. गुणगुण तिथल्या तिथे थांबली तर कारण सापडलेच. एवढे करूनही राहिली तर मध्ये लावायचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, त्याने ती जाते. काही जण संगणकाच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन कापून टाकण्याचा सल्ला देतात. तो कधीही मानू नका. गुणगुण जाईलही, पण संगणकाच्या पेटीला हात लावताच शॉक बसण्याची सोय होईल.

एक आडबाजूची गोष्ट सांगतो. एका घरी मी दोन दिवस गुणगुणीचा पाठलाग केला. केबल बदलली, डेक बदलला, शेवटी संगणकही बदलला. तिसऱ्या दिवशी घरातल्या आजींना पंख्याचा वारा लागू लागला म्हणून त्यांनी पंखा बंद केला आणि गुणगुण थांबली. दोष पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा होता. तेव्हापासून मुद्रणाच्या वेळी मी त्या खोलीतले पंखे आणि दिवे एकेक करून बंद करून पाहतो, आणि मगच यंत्राला हात लावतो.

कोणत्या छिद्रात काय खोचायचे हा भाग वरवर बाळबोध वाटतो, पण सर्वाधिक नुकसान इथेच होते. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला फिकट निळे छिद्र लाइन इनचे, गुलाबी माइकचे आणि हिरवे स्पीकरचे असते. माइककडून काही मिलिव्होल्ट येतात, तर डेकच्या लाइन आउटमधून पाव ते अर्धा व्होल्ट येतो. तो गुलाबी छिद्रात घातला की आवाज फाटतो, आणि अनेकदा दोन वाहिन्यांची एकच होऊन जाते. पुढच्या बाजूची छिद्रे टाळा, कारण त्यांची वायर संगणकाच्या पेटीच्या आतून इतर वायरींना घासत येते आणि वाटेत किरकिर गोळा करते. लॅपटॉपला बहुधा हेडफोन आणि माइक मिळून एकच छिद्र असते, लाइन इन नसतेच. त्यात डेकची साधी स्टीरिओ पिन खोचली, तर लॅपटॉप तिला हेडफोन समजतो आणि मुद्रण गुपचूप स्वतःच्या अंगच्या माइकने करतो. एका गृहस्थांनी अशा चाळीस कॅसेटी उतरवून माझ्याकडे ‘आवाज जरा लांबून येतो’ म्हणून आणल्या होत्या. अभंगाच्या मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकल्यावर काय झाले आहे ते आम्हा दोघांनाही कळले.

तुमच्याकडे नेमके काय आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून इथे सल्ल्याला फाटा फुटतो. डेस्कटॉप असेल, निळे छिद्र असेल आणि पहिले मुद्रण स्वच्छ असेल, तर तुम्हाला कोणतेही कार्ड नको. लॅपटॉप असेल किंवा चाचणीत चिपच खरखरीत निघाली, तर बाहेरून जोडायचे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे साउंड कार्डाचेच काम करणारी वेगळी डबी, घ्या, संगणकाच्या आत बसवायचे कार्ड नको; आतल्या विजेच्या गोंगाटापासून बाहेरचे इंटरफेस दूर राहते आणि उद्या संगणक बदलला तरी चालते. ते घेताना फक्त दोन लाइन इनपुट आहेत ना, एवढे बघा. इनपुटला माइक, लाइन आणि वाद्य असा निवडीचा खटका असेल तर तो लाइनवर ठेवा, आणि माइकसाठीचा ४८ व्होल्टचा खटका बंद असू द्या. अंगठ्याएवढ्या स्वस्त यूएसबी कांड्यांना बहुधा एकाच वाहिनीचे माइकचे छिद्र असते. त्या आपल्या कामाच्या नाहीत. थेट यूएसबी केबल असलेले छोटे कॅसेट प्लेअर मिळतात, त्यांच्याविषयीही माझे मत चांगले नाही, कारण त्यांची मोटर आणि हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) इतके सुमार असते की पुढे कितीही चांगली चिप बसवली तरी उपयोग होत नाही.

दुसरी तक्रार झांजेच्या बोथटपणाची. तिचा साउंड कार्डाशी काडीचाही संबंध नाही, आणि माझ्या मते तुमच्या कामातला सर्वांत मोठा लाभ इथेच दडलेला आहे. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. हेडमधली बारीक फट फितीशी अगदी काटकोनात असावी लागते. आजोबांच्या रेकॉर्डरचे हेड केसभर कलते असेल, तर त्यावरचे मुद्रणही त्याच कलाने झालेले असते, आणि तुमच्या सरळ हेडच्या डेकवर ते वाजवले की उंच स्वर गळून पडतात. इथे बरोबर कोण आणि चूक कोण हा प्रश्न नाही. ज्याने मुद्रण केले त्याच्या कलाशी आपण जुळवून घ्यायचे. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. कॅसेटच्या दाराचे झाकण वर सरकवून काढले की बहुतेक डेकांत तो दिसतो. त्याच्या मूळ जागेची खूण नेलपॉलिशच्या ठिपक्याने करून ठेवा. मग झांज वाजत असलेला भाग लावा, दोन्ही वाहिन्या एकत्र करून हेडफोनवर ऐका, आणि चुंबकीय नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रू अगदी सावकाश, पाव फेऱ्याच्या आत, इकडे-तिकडे फिरवा. एका क्षणी कांबळ्याखालून काढल्यासारखी झांज लखकन उघडते. तीच जागा. वाहिन्या एकत्र करून ऐकण्याचे कारण असे, की कल जुळला नाही तर दोन वाहिन्यांत सूक्ष्म कालभेद पडतो आणि एकत्र केल्यावर उंच स्वर एकमेकांना खातात, त्यामुळे फरक कानाला ठळक कळतो. ‘ब’ बाजूला पुन्हा तपासा, आणि प्रत्येक नव्या कॅसेटला पुन्हा.

त्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. काडीवर तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत पुसा. डेकवरचे डॉल्बीचे (टेपची खरखर कमी करणाऱ्या सोयीचे) बटण बंद ठेवा, कारण घरगुती रेकॉर्डरवर ती सोय क्वचितच असे, आणि नसलेले डॉल्बी उलगडायला गेलात तर झांज आणखी बोथट होईल.

तिसरी तक्रार, बुवा थांबले की खरखर वर येण्याची. ही चूक तुमच्याकडून झालेली नाही, ती फितीवरच मुद्रित आहे. त्या काळच्या रेकॉर्डरांत पातळी आपोआप सांभाळणारे सर्किट असे. बोलणारा थांबला की ते मायकाची संवेदनशीलता वाढवी, आणि मग सभामंडपातली कुजबुज, बाहेरचा रस्ता, सगळे वर येई. मात्र याच धर्तीची एक गोष्ट विंडोजमध्येही असते आणि ती अवश्य तपासा. इनपुटच्या सेटिंगमध्ये गोंगाट कमी करणे, पातळी आपोआप वाढवणे अशा नावांच्या ज्या सुधारणा दिलेल्या असतात, त्या सगळ्या बंद करा. त्या फोनवरच्या संभाषणासाठी केलेल्या असतात आणि पेटीचा लांबलेला सूर किंवा तानपुरा म्हणजे गोंगाटच, असे समजून तो दाबू पाहतात. ‘पेटी मधूनच बुडाल्यासारखी येते’ ही तक्रार मी ऐकतो तेव्हा आधी हेच बघतो.

पातळीबद्दल एवढेच, की झांज आणि टाळ्या यांचे टोक अचानक उसळते. म्हणून सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे ठेवा. मीटर शून्याला भिडला की तिथला आवाज कायमचा कापला जातो आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. कच्ची फाइल जशीच्या तशी वेव्ह किंवा फ्लॅक या, आवाजातले काही न गाळणाऱ्या, प्रकारांत जपा, खरखर कमी करण्याचे प्रयोग तिच्या प्रतीवर करा आणि नातेवाइकांना वाटायला एमपी-३ वेगळी काढा.

आता एक गोष्ट कीर्तनाच्या मुद्रणांपुरती. रेकॉर्डर सेलवर चाललेला असेल आणि सेल उतरत आले असतील, तर मुद्रणाच्या वेळी फीत हळू सरकलेली असते आणि आज योग्य वेगाने वाजवल्यावर आवाज चढा आणि घाईचा येतो. उत्तररंगाच्या शेवटाकडे बुवांचा स्वर हळूहळू वर सरकल्यासारखा वाटला, तर ते रंगात आले म्हणूनच असे नव्हे. तुमच्या घरी त्या काळची पेटी अजून असेल तर ती जवळ घेऊन बसा. आजोबा कोणत्या पट्टीत गात हे घरात कुणाला तरी ठाऊक असेलच. काळी दोन असेल आणि फाइलीतली पेटी काळी दोन व पांढरी तीन यांच्या मध्ये कुठेतरी बोलत असेल, तर वेग तेवढा कमी करून घ्यायचा. पेटीचे सूर सहसा फार ढळत नाहीत, त्यामुळे या कामाला तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

माझ्या पहिल्या वीसेक कॅसेटी मी गुलाबी छिद्रातून, फाटक्या आवाजात उतरवल्या होत्या. चूक कळली तोवर त्या घरच्यांनी ‘आता संगणकात आहे’ म्हणून मूळ कॅसेटी रद्दीत दिल्या होत्या. तेव्हा सगळे काम झाल्यावरही मूळ कॅसेटी टाकू नका. कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब, उभ्या ठेवा. आणि सुरुवात आजोबांच्या नावाजलेल्या कीर्तनाने न करता ज्या कॅसेटचे फारसे मोल नाही अशा एखाद्या गाण्याच्या कॅसेटने करा. आठ-दहा कॅसेटी झाल्या की स्क्रूवर हात बसतो आणि झांज कुठे उघडते ते कानाला आपसूक कळू लागते. रामनवमीची आणि दत्तजयंतीची कीर्तने त्यानंतर काढा. वर सांगितलेली चार मुद्रणे मात्र आजच करून पाहा आणि गुणगुण कितव्या पायरीला सुरू झाली ते कळवा, म्हणजे पुढचे सांगता येईल.